हिवाळ्यात कॅम्पर व्हॅनने कुत्र्या-मांजराला घेऊन गावी निघालात? थंडीपेक्षा बंद काचा जास्त घातक आहेत

मालेगावात कुणाला फोन करून "आम्ही कॅम्पर घेऊन येतोय" असं सांगितलं, तर समोरच्याच्या डोक्यात दोनपैकी एक गोष्ट येईल. एक तर लग्नाच्या मांडवात असतो तो थंड पाण्याचा जार, नाहीतर मागे मोकळा हौदा असलेली बोलेरो कॅम्पर. झोपायला गादी, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि पायाशी कुत्रा असलेली गाडी असं चित्र इकडे अजून नवीन आहे. पण ते आता दिसायला लागलंय.

आधी एक खुलासा. हे मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं, म्हणजे मालेगाव जहांगीर. मोबाइलच्या नकाशात नुसतं "मालेगाव" टाकलं तर तो बिनदिक्कत नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावाकडे नेतो, आणि ते इथून तीनशे किलोमीटरहून लांब आहे. "मालेगाव, वाशिम" असंच टाका.

अकोला-वाशिम रस्ता या गावातून जातो आणि समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्यामुळे मुंबई, नाशिक, संभाजीनगर, नागपूर इथे स्थायिक झालेली इकडची मंडळी हिवाळ्याच्या सुट्टीत स्वतःच्या गाडीने गावी येऊ लागली. घरात लॅब्रॅडॉर किंवा पर्शियन मांजर असेल तर तेही येतं. रेल्वेने आणायचं म्हटलं तर कुत्र्यासाठी फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, नाहीतर तो ब्रेक व्हॅनमधल्या पेटीत जातो. डिसेंबरच्या रात्री त्या पेटीत आपला कुत्रा ठेवायला कोण तयार होणार? मग गाडीच बरी वाटते. भाड्याची असो, टेम्पो ट्रॅव्हलरची केलेली असो, की मागची सीट काढून गादी टाकलेली ईको असो.

निघताना सगळ्यांच्या डोक्यात एकच काळजी असते, ती म्हणजे थंडी. स्वेटर घेतला का, ब्लँकेट घेतलं का, काचा लावल्या का. खरं सांगायचं तर विदर्भातल्या हिवाळ्यात धडधाकट कुत्रा निव्वळ थंडीने दगावण्याची शक्यता कमी आहे. घात होतो तो दोन ठिकाणी. दुपारी, "थंडीच आहे ना, राहू दे गाडीत" म्हणून. आणि रात्री, थंडी घालवायला आपण जे उपाय करतो त्यांनी.

पहाटे १० अंश, दुपारी ३०

उत्तरेतल्या किंवा युरोपातल्या हिवाळ्याचे सल्ले इंटरनेटवर भरपूर मिळतात. टाकीतलं पाणी गोठू नये म्हणून काय करावं, बर्फात पंजे कसे जपावेत वगैरे. मालेगावात त्यातलं फारसं काही लागू पडत नाही. इथला हिवाळा कोरडा आणि निरभ्र. ढग नसल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर उष्णता सोडते आणि पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, थंडीची लाट असली तर त्याच्याही खाली. पण त्याच निरभ्र आकाशातून सकाळी दहानंतर ऊन उतरतं आणि दुपारी २८-३० अंश होतात. एका दिवसात १८-२० अंशांचा फरक.

माणूस सकाळी स्वेटर घालतो आणि अकरा वाजता काढून खांद्यावर टाकतो. कुत्र्याला ते जमत नाही. त्याच्या अंगाचं सामान्य तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना, आणि तेवढ्याने काही भागत नाही. उष्णता बाहेर टाकायची त्याची खरी पद्धत धापण्याची. जीभ बाहेर काढून भराभर श्वास घेतला की तोंडातला ओलावा उडतो आणि शरीर निवतं. यासाठी आजूबाजूची हवा कोरडी आणि खेळती लागते. बंद गाडीत तो स्वतःच्याच श्वासाने हवा दमट करतो आणि धापण्याचा उपयोग कमी कमी होत जातो.

पग, शिह त्झू, बुलडॉग असे बसक्या नाकाचे कुत्रे आणि पर्शियन मांजर यांची श्वासाची वाटच आखूड, त्यामुळे ते आधी अडचणीत येतात. याउलट गावठी कुत्रा किंवा कारवानी अशा सडपातळ, आखूड केसांच्या जातींना दुपार सोसते, पहाट कठीण जाते. तेव्हा "प्राण्यांना थंडी वाजते का?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणता प्राणी आणि दिवसाची कोणती वेळ, हे आधी विचारावं लागतं.

उभ्या गाडीत दुपारी काय होतं

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेर फार ऊन नसताना, अगदी २२ अंश असतानाही, उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत काय होतं ते त्यांनी मोजलं. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवल्याने म्हणावा असा फरक पडला नाही.

आता हेच गणित आपल्याकडे लावू. जानेवारीतली दुपार, बाहेर २८ अंश, "हवा छान आहे" असं आपण म्हणतो ती. तुम्ही बाजारात उतरलात, कुणी ओळखीचं भेटलं, चहा झाला. चाळीस मिनिटं सहज जातात. तेवढ्यात आतलं तापमान ४५ अंशांकडे सरकलेलं असेल. मे महिन्यात हीच चूक कुणी करत नाही, कारण मे महिन्यात गाडीत बसताक्षणी सीट पोळते. हिवाळा माणसाला गाफील ठेवतो, तो असा.

कॅम्पर व्हॅन मोठी असते म्हणून ती कमी तापते असंही नाही. काचा मोठ्या, पत्र्याचं छप्पर रुंद. छताला आतून थर्माकोल किंवा फोमचं आवरण असेल तर ती सावकाश तापते, पण मग सावकाशच निवते. छतावरचा पंखा चालू ठेवून जाणारे लोक बॅटरीवर अवलंबून असतात, आणि बॅटरी उतरली हे बाहेरून कळत नाही. यावर एकच नियम कामाचा वाटतो. कुणीतरी एक जण प्राण्यासोबत थांबेल, नाहीतर प्राणी सोबत उतरेल.

उन्हाचा फटका बसलाच तर लक्षणं ओळखता आली पाहिजेत. जोरजोरात धापणं थांबत नाही, तोंडातून चिकट लाळ गळते, हिरड्या लालभडक दिसतात, चाल अडखळते, मग उलटी किंवा जुलाब. अशा वेळी लगेच गाडी पळवू नका. आधी सावलीत घ्या, साध्या पाण्याने अंग पूर्ण भिजवा, वारा घाला आणि मग दवाखाना गाठा. आधी गार करणं आणि नंतर नेणं, हा क्रम आता पशुवैद्यक आवर्जून सांगतात. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवला तर तो थोड्या वेळात गरम होऊन उलटं काम करतो.

रात्रीचा शत्रू दिसत नाही, त्याला वासही नाही

आता रात्र. शेतात किंवा घराच्या अंगणात गाडी लावलीय, बाहेर कडाक्याची थंडी. काचा घट्ट बंद. आत दोन माणसं, एक मूल, एक कुत्रा. कुणाला तरी सुचतं की विझत आलेली शेगडी थोडा वेळ आत ठेवू, निखारेच आहेत, धूर तर नाही. किंवा इंजिन चालू ठेवून हीटर लावू. किंवा छोटा जनरेटर गाडीला टेकवून ठेवू.

तिन्हीतून एकच वायू निघतो, कार्बन मोनॉक्साइड. जळण अर्धवट जळलं की तो तयार होतो. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असतो पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातलं काही जाणवतच नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे सुरक्षित, हा समज तर खास धोकादायक. धगधगत्या कोळशातून हा वायू भरपूर निघतो.

हे दूरचं वाटत असेल तर डिसेंबर २०२४ मधल्या दोन घटना पाहा. केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. नंतर तज्ज्ञांनी त्याच गाडीची चाचणी घेतली, तेव्हा जनरेटरचा वायू गाडीच्या तळाकडून आत शिरत असल्याचं निष्पन्न झालं. केरळात थंडी नव्हती, जनरेटर चालू होता तो एसीसाठी. त्याच महिन्यात जॉर्जिया देशातल्या गुदौरी या बर्फाच्या पर्यटनस्थळी बारा जण मृत आढळले, त्यातले अकरा भारतीय. तिथेही बंद जागेतला जनरेटर हेच कारण पुढे आलं.

या सगळ्यात प्राण्यांचं काय? लहान प्राण्यांचा श्वास आपल्यापेक्षा वेगाने चालतो, म्हणून विषारी वायूचा परिणाम त्यांच्यावर आधी दिसतो. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणीत याच कारणासाठी पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत. ती प्रथा १९८६ पर्यंत टिकली. तेव्हा रात्री कुत्रा विनाकारण उठून तोल जाऊन पडला, ओकला, किंवा हाक मारूनही मांजर जागं होत नसेल, तर "त्याला थंडी वाजली असेल" म्हणून आणखी एक गोधडी टाकू नका. सगळी दारं उघडा आणि माणसांसकट बाहेर पडा.

गॅस सिलिंडरची गोष्ट थोडी वेगळी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळती झाली तर तो खाली, गाडीच्या फरशीवर साचतो, आणि फरशीवर कुत्रा झोपलेला असतो. म्हणून गॅसगळती सांगणारं यंत्र खाली, फरशीजवळ बसवतात, तर कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र झोपण्याच्या उंचीला. दोन्ही वेगवेगळी यंत्रं आहेत आणि एकाचं काम दुसरं करत नाही. गाडी भाड्याची असेल तर पडदे आणि टीव्ही बघण्याआधी ही दोन यंत्रं आहेत का आणि चालू आहेत का, हे विचारा. स्वतःच्या गाडीत बदल करून घेणार असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानकही आहे. गल्लीतल्या गॅरेजवाल्याला ते ठाऊक असेलच असं नाही.

मग ऊब कशी मिळवायची? शेगडी पेटवा, जरूर पेटवा, पण बाहेर. आपल्याकडे मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरणारे धनगर आणि काठेवाडी कुटुंबं सगळा हिवाळा जनावरांसोबतच काढतात. ती उघड्यावर शेकतात, त्यांच्या शेकोटीच्या धुराला आभाळ मोकळं असतं. आपण शेकोटीची कल्पना तेवढी उचलली आणि तिला पत्र्याच्या डब्यात कोंडलं. झोपताना छतावरची खिडकी किंवा समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटं उघड्या ठेवा. थंडी येईल, येऊ द्या. त्याचा दुसरा फायदाही आहे. रात्रभरच्या श्वासाची वाफ थंड पत्र्यावर जमते आणि सकाळी गादी, ब्लँकेट, कुत्र्याचं अंग सगळं दमट होतं. ओलं अंग कोरड्या अंगापेक्षा फार लवकर गारठतं.

प्राण्याला खरी थंडी लागते ती खालून. गाडीचा तळ लोखंडी, तो उष्णता ओढून घेतो. वरून तीन ब्लँकेट टाकण्यापेक्षा खाली एक जाड गोणपाट किंवा रबरी मॅट आणि त्यावर दुहेरी गोधडी हे जास्त कामाचं. मांजराला पुठ्ठ्याचं खोकं द्या, आत जुनी साडी अंथरा, एका बाजूने उघडं ठेवा, ते स्वतःच ऊब साठवतं. गरम पाण्याची पिशवी द्यायची तर कापडात गुंडाळून, आणि प्राण्याला तिच्यापासून सरकता येईल एवढी जागा ठेवून. स्वेटर फक्त आखूड केसांच्या, म्हाताऱ्या किंवा पिल्लू असलेल्या प्राण्याला, आणि सकाळी नऊ-दहाला तो आठवणीने काढायचा. केसाळ लॅब्रॅडॉरला स्वेटर घालणं हे फोटोपुरतंच ठीक.

थरथर थांबत नाही, प्राणी सुस्त पडलाय, कान आणि पंजे गार लागतायत, असं दिसलं तर अंग कोरडं करून त्याला पोटाशी घ्या आणि हळूहळू ऊब द्या. एकदम शेगडीपाशी नेऊन बसवू नका.

बोलेरो कॅम्परचा किंवा पिकअपचा मोकळा हौदा हा मात्र वेगळाच विषय. पहाटे १० अंश असताना ताशी ६० किलोमीटरने गाडी चालली तर उघड्यावरच्या चेहऱ्याला ते साधारण ५ अंशांसारखं लागतं. मागे बांधलेल्या कुत्र्याने उडी मारली तर दोर गळफास ठरतो, तो धोका याहून मोठा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात विनाकारण त्रास होईल अशा रीतीने प्राणी वाहून नेणं हा गुन्हाच आहे.

चालत्या गाडीत मांडीवर नको

समृद्धीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. शाळेतलं भौतिकशास्त्र आठवून बघा. ताशी ६० ला गाडी आदळून थांबली तर आतली मोकळी वस्तू जणू चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडते. ताशी १०० ला तेराव्या मजल्यावरून. ती वस्तू म्हणजे तुमच्या मांडीवरचा कुत्रा, आणि त्याच्यासमोर तुमच्या मुलाचं डोकं. छातीवरचा पट्टा घालून तो सीटबेल्टला अडकवणं किंवा पिंजरा पक्का बांधणं, एवढंच करायचंय. गळ्याचा पट्टा सीटबेल्टला लावू नका, झटका मानेला बसतो. मांजर कितीही गरीब असलं तरी पेटीतच. ते ब्रेकच्या पेडलखाली शिरलं की कुणाच्या हातात काही राहत नाही.

निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नका, म्हणजे ओकारी टळते. पाणी मात्र सारखं द्या. हिवाळ्यात गार पाण्याला प्राणी तोंड लावत नाहीत, कोमट केलं तर पितात. दर दोन-अडीच तासांनी थांबा, पण दार उघडायच्या आधी साखळी हातात घ्या. दार आधी आणि साखळी नंतर, हा क्रम महामार्गावर कुत्रा गमावायला पुरेसा आहे. पट्ट्यावर मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला असू द्या. ३१ डिसेंबरला फटाक्यांनी बिथरून पळालेला शहरी कुत्रा अनोळखी गावात घर शोधू शकत नाही.

शिवारात मुक्काम केला तर

गावी आल्यावर काकांच्या शेतात गाडी लावून दोन रात्री राहायचं, हुरडा खायचा, हा तर बेत ठरलेलाच असतो. शहरातला कुत्रा मोकळं रान बघून वेडा होतो आणि मालकाला तो धावताना बघून आनंद होतो. इथे थोडं आवरायला हवं.

डिसेंबर-जानेवारीत तूर काढणीला आलेली असते. कापलेल्या तुरीची धसकटं शेतात उभी राहतात, ती खिळ्यासारखी असतात. पळणाऱ्या कुत्र्याच्या पंजात ती आरपार शिरू शकतात. दुसरी गोष्ट कुंपणाची. रानडुकरांपासून हरभरा वाचवायला शेतकरी झटका मशीन लावतात. त्याचा झटका जोराचा असतो पण सहसा जीवघेणा नसतो. मात्र काही ठिकाणी थेट वीजप्रवाह सोडलेली तार बेकायदा लावलेली असते, आणि त्यात माणसंही गेली आहेत. कोणत्या बांधावर काय आहे ते शेजारच्या शेतकऱ्याला संध्याकाळ व्हायच्या आत विचारा.

तिसरी गोष्ट बिबट्याची. मालेगावहून अकोल्याकडे जाताना मेडशीच्या पुढे डोंगर आणि जंगल लागतं, काटेपूर्णा अभयारण्यही याच बाजूला. बिबट्याला शेळीपेक्षा कुत्रा सोपा. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरच्या) अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारातलं ८७ टक्के भक्ष्य पाळीव जनावरं निघाली आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. हे आकडे वजनाच्या हिशेबाने आहेत. ते वाशिमचे नाहीत, पण बिबट्याची आवड जिल्ह्यागणिक बदलेल असं मानायचं कारण नाही. रात्री कुत्रा बाहेर खुंटीला बांधून ठेवणं म्हणजे त्याची पळायची वाटही बंद करणं. तो आतच झोपेल. रात्री फिरवायचं तर टॉर्च आणि आखूड साखळी.

अभयारण्यात कुत्रा नेऊ नका, मग ते लोणार असो की कारंजा-सोहोळ. हरणांच्या मागे धावणं हा एक भाग झाला. दुसरा भाग रोगाचा. २०१८ मध्ये गीरमधल्या सिंहांच्या मृत्यूंनंतर त्यांच्यात कुत्र्यांमध्ये आढळणारा डिस्टेंपर विषाणू सापडला होता. उलटंही खरं आहे. गावातल्या लसीकरण न झालेल्या कुत्र्यांकडून तुमच्या पिल्लाला पार्वो होऊ शकतो. पिल्लाचे डोस पुरे झाले नसतील तर या वर्षी त्याला गाव दाखवू नका.

सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. रात्रभर ऊब शोधत एखादं मांजर इंजिनापाशी जाऊन बसलेलं असतं.

डिंकाचे लाडू आणि औषधांची पेटी

हिवाळ्याचं आपलं खाणं कुत्र्यांना घातक ठरू शकतं, हे आजीला पटवणं अवघड. डिंकाच्या लाडवात मनुका असतील तर ते कुत्र्याला देऊ नका. मनुका आणि द्राक्षांनी काही कुत्र्यांची किडनी निकामी होते, आणि किती मनुकांनी होईल याचा ठराविक हिशेब नाही. कांदा-लसणाचा रस्सा, चॉकलेट, कोंबडीची शिजवलेली हाडं हीही त्याच यादीत.

सर्दी-तापाच्या पॅरासिटामॉलची गोष्ट तर मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. "थंडीने ताप आलाय, अर्धी देऊन बघू" हे कधीच करू नका. गाडीतलं कूलंट हेही असंच. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं, प्राणी ते चाटतात आणि थोड्याशा मात्रेत किडनी जाते. गाडीखाली हिरवा किंवा गुलाबी थेंब दिसला तर आधी पुसा, मग मेकॅनिकला फोन करा.

पिंजऱ्यात बजरीगर किंवा लव्हबर्ड असतील तर गाडीतल्या ओट्यावर नॉनस्टिक तवा कोरडा तापवू नका. जास्त तापलेल्या थराच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात. आणि घरात राघू असेल, तर प्रवासाचा प्रश्न नंतरचा. आपले देशी पोपट आणि तारा कासव पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने मुळात बंद आहे.

कागद आणि डॉक्टर

प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांनुसार कुत्र्या-मांजरासोबत पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र असावं लागतं. प्राणी प्रवासाला तंदुरुस्त आहे आणि त्याला रेबीज किंवा संसर्गजन्य रोगाची लक्षणं नाहीत, असा मजकूर त्यात असतो. गाभण मादी शेवटच्या दिवसांत असेल तर तिला नेता येत नाही. स्वतःच्या गाडीने जाताना रस्त्यात सहसा कुणी हे विचारत नाही. पण गावात तुमचा कुत्रा कुणाला चावला, तर पहिला प्रश्न रेबीजच्या लशीचा येतो, आणि तेव्हा पुण्या-मुंबईच्या कपाटात असलेलं लसीकरणाचं पुस्तक काही उपयोगाचं नसतं. मूळ सोबत ठेवा, फोटो मोबाइलात ठेवा.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा भर गाई-म्हशी, शेळ्या, बैलांवर असतो. तिथले डॉक्टर तातडीचे उपचार करतील, पण मांजराचा एक्स-रे किंवा रात्रीचं सलाइन यासाठी मोठं ठिकाण लागतं. मालेगावहून वाशिम वीसेक किलोमीटर. अकोला साधारण साठ, आणि तिथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. १९६२ हा फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा टोल फ्री नंबर, तोही मुख्यतः पशुधनासाठीच आहे, पण सेव्ह करून ठेवायला हरकत नाही. निघायच्या आदल्या दिवशी अकोल्यातल्या किंवा वाशिममधल्या एका छोट्या प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करून रविवारी आणि रात्री ते भेटतात का, एवढं विचारून ठेवा. रात्री दोन वाजता हा नंबर शोधायला बसलात, तर मधल्या घाटात रेंज मिळेलच असं नाही.